दंतवैद्यांमधील बर्नआउट

दंतवैद्यांमधील बर्नआउट अथवा व्यावसायिक दमणूक म्हणजे दंतवैद्यकीय व्यवसायातील व्यक्तींमध्ये कामाशी निगडित, दीर्घकाळ साचत गेलेल्या ताणातून निर्माण होणारी शारीरिक व मानसिक थकव्याची अवस्था होय. भावनिक दमछाक, रुग्णांविषयी व कामाविषयी अलिप्तपणा आणि स्वतःच्या कार्यक्षमतेवरील विश्वास कमी होणे ही तिची तीन प्रमुख अंगे मानली जातात. दंतवैद्यांबरोबरच दंतवैद्यकाचे विद्यार्थी, डेंटल हायजिनिस्ट, डेंटल मेकॅनिक आणि दवाखान्यातील सहायक यांनाही ही अवस्था जाणवू शकते.

दंतवैद्याच्या कामात सूक्ष्म हस्तकौशल्य, वेदनेने व भीतीने ग्रासलेल्या रुग्णाशी होणारा निकटचा संपर्क आणि स्वतंत्र दवाखाना चालविण्याची आर्थिक जबाबदारी या गोष्टी एकाच वेळी येतात. महाराष्ट्रात या ताणाचे स्वरूप प्रदेशानुसार बदलते. शहरांमध्ये दवाखान्यांची दाटी व स्पर्धा हे ताणाचे मुख्य कारण ठरते. नंदुरबारसारख्या दुर्गम व आदिवासीबहुल जिल्ह्यात उशिरा येणारे रुग्ण, अपुरी साधने आणि समव्यावसायिकांचा अभाव यांचा भार अधिक असतो. अशा भागात एका दंतवैद्याने काम थांबविले, तर अनेक गावांच्या दंतसेवेवर त्याचा परिणाम होतो.

## संज्ञा व इतिहास

कामामुळे येणाऱ्या दमणुकीसाठी ‘बर्नआउट’ हा शब्द मानसशास्त्रात रूढ करण्याचे श्रेय अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांना दिले जाते. न्यू यॉर्क येथील एका मोफत दवाखान्यात काम करीत असताना तेथील स्वयंसेवकांचा उत्साह हळूहळू मावळत जातो, असे त्यांच्या लक्षात आले. या निरीक्षणांवर आधारित त्यांचा लेख १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक व सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये बर्नआउट मोजण्यासाठी ‘मॅस्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरी’ ही प्रश्नावली मांडली. आरोग्यसेवेतील संशोधनात आजही ती मोठ्या प्रमाणावर वापरली जाते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय रोग वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०१९ मध्ये स्वीकारली गेली व १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. तीत बर्नआउटचा समावेश ‘व्यवसायाशी संबंधित घटना’ म्हणून करण्यात आला असून त्याला रोगाचा दर्जा दिलेला नाही. ही संज्ञा केवळ कामाच्या संदर्भात वापरावी, जीवनातील इतर क्षेत्रांतील अनुभवांसाठी वापरू नये, असेही त्यात नमूद आहे.

दंतवैद्यांमधील बर्नआउटचा पद्धतशीर अभ्यास नेदरलँड्समध्ये रोनाल्ड गॉर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून केला. कामाचा वेग, रुग्णांशी होणारे अवघड प्रसंग, आर्थिक बाबी अशा अनेक घटकांची त्यांनी तपासणी केली. व्यवसायात पुढे जाण्यासारखे काही उरले नाही, ही भावना बर्नआउटशी विशेष निगडित असल्याचे त्यांच्या अभ्यासात आढळले.

## लक्षणे

बर्नआउट अचानक उद्भवत नाही. त्याची लक्षणे हळूहळू वाढत जातात व सुरुवातीला ती साध्या थकव्यासारखी भासतात.

* भावनिक दमछाक: रात्रीच्या विश्रांतीनंतरही थकवा न जाणे, सकाळी दवाखान्यात जाण्याची अनिच्छा, झोपेच्या तक्रारी, चिडचिड.
* अलिप्तपणा: रुग्णाला व्यक्ती म्हणून न पाहता केवळ ‘दाढ’ किंवा ‘केस’ म्हणून पाहणे, संवाद टाळणे, उपरोधाने बोलणे.
* कार्यक्षमतेची खालावलेली जाणीव: आपल्या उपचारांचा काही उपयोग होत नाही असे वाटणे, पूर्वी सहज जमणाऱ्या उपचारांविषयी साशंकता, नवे शिकण्याची इच्छा मंदावणे.

नैराश्य आणि बर्नआउट यांची काही लक्षणे समान असली, तरी दोन्ही संज्ञा एकाच अर्थाने वापरल्या जात नाहीत. बर्नआउटचा संबंध मूलतः कामाशी असतो, तर नैराश्य जीवनाच्या सर्व अंगांना व्यापते. दोन्ही अवस्था एकाच व्यक्तीत एकत्र आढळू शकतात. सतत निराशा, कशातच रस न वाटणे किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असल्यास ते केवळ कामाचा थकवा न समजता मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला घेणे आवश्यक असते.

## कारणे

### कामाचे स्वरूप

दंतवैद्याचे कार्यक्षेत्र काही मिलिमीटरांचे असते. जीभ, लाळ व गालांच्या हालचाली सांभाळत त्याला अरुंद व अंधाऱ्या जागेत फिरत्या धारदार उपकरणाने काम करावे लागते. त्यासाठी मान वाकवून व हात अधांतरी ठेवून एकाच स्थितीत बराच वेळ राहावे लागते. मान, खांदे, पाठ व मनगट यांचे दुखणे या व्यवसायात सर्वत्र आढळते. हे दुखणे आणि मानसिक थकवा एकमेकांना पूरक ठरतात: दुखणाऱ्या अंगाने केलेले काम अधिक दमवते आणि दमलेली व्यक्ती आपल्या बसण्याच्या स्थितीकडे दुर्लक्ष करते.

### रुग्णाची भीती व भावनिक श्रम

दंतोपचाराची भीती ही जगभर आढळणारी बाब असून ती मोजण्यासाठी नॉर्मन कोरा यांनी १९६९ मध्ये एक मापनश्रेणी प्रसिद्ध केली. घाबरलेला रुग्ण मध्येच हात धरतो, तोंड मिटतो किंवा वेळ ठरवूनही येत नाही. लहान मुलांवर उपचार करताना मुलाबरोबरच पालकांची चिंताही हाताळावी लागते. उपचार करणाऱ्याने स्वतःचा वैताग वा चिंता चेहऱ्यावर न दाखविता सतत धीर देत राहणे अपेक्षित असते. व्यवसायाची गरज म्हणून स्वतःच्या भावनांचे असे नियमन करण्याला समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शील्ड यांनी १९८३ च्या आपल्या ग्रंथात ‘भावनिक श्रम’ असे म्हटले आहे. हे श्रम रुग्णसंख्येच्या वा उत्पन्नाच्या हिशेबात कोठेही दिसत नाहीत.

### एकाकी व्यवसाय

भारतातील बहुतांश खासगी दंतसेवा एका दंतवैद्याच्या दवाखान्यातून दिली जाते. मोठ्या रुग्णालयातील डॉक्टरला अवघड प्रसंगी शेजारच्या विभागातील सहकाऱ्याचे मत घेता येते. एकट्या दंतवैद्याला ती सोय नसते. मुळाच्या नलिकेत उपकरण तुटणे किंवा दात काढताना मूळ मोडणे यांसारख्या, कौशल्य असूनही घडू शकणाऱ्या गुंतागुंतीच्या वेळी निर्णय, रुग्णाला द्यावयाचे स्पष्टीकरण आणि नंतरची रुखरुख हे सारे त्याच्या एकट्याच्या वाट्याला येते.

### आर्थिक व नियामक भार

दंतवैद्यकीय दवाखाना उभारण्यासाठी दंतखुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, निर्जंतुकीकरणाचा ऑटोक्लेव्ह आणि सतत लागणारे साहित्य यांवर बरीच भांडवली गुंतवणूक करावी लागते. ती अनेकदा कर्ज काढून केली जाते. रुग्ण आले नाहीत तरी कर्जाचा हप्ता, जागेचे भाडे व सहायकांचे वेतन थांबत नाही. दंतोपचारांचा खर्च बहुतेक रुग्ण स्वतःच्या खिशातून करीत असल्याने दराविषयीची घासाघीसही दंतवैद्यालाच करावी लागते. दात वाचविण्याचा सल्ला वैद्यकीयदृष्ट्या योग्य असला, तरी तो पैशासाठी दिला जात असल्याचा संशय काही रुग्णांच्या मनात राहतो.

यांशिवाय जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६, क्ष-किरण यंत्रासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाकडील नोंदणी आणि राज्य दंत परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण यांची पूर्तता करावी लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ मधील ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ या निकालानंतर शुल्क आकारून दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आली. त्यामुळे रुग्णाच्या हक्कांना बळ मिळाले, तसेच नोंदी काटेकोरपणे ठेवण्याची गरजही वाढली.

### शिक्षणकाळ

बी.डी.एस. अभ्यासक्रमात चार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता असते. विद्यार्थ्याला ठरावीक संख्येने प्रत्यक्ष उपचार पूर्ण करावे लागतात. हा ‘कोटा’ पूर्ण होण्यासाठी योग्य प्रकारचे रुग्ण मिळणे व त्यांनी पुन्हा येणे आवश्यक असल्याने यशाचा काही भाग विद्यार्थ्याच्या हाती नसतो. एम.बी.बी.एस.ला प्रवेश न मिळाल्याने दंतवैद्यकाकडे वळलेल्या काही विद्यार्थ्यांमध्ये आरंभापासूनच अपुरेपणाची भावना असते. पदवीनंतर एम.डी.एस.च्या मर्यादित जागा, नवोदितांना मिळणारे अल्प वेतन आणि स्वतःचा दवाखाना सुरू करण्याचा खर्च यांमुळे ती अधिक बळावू शकते.

## नंदुरबार जिल्ह्यातील परिस्थिती

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. त्यात नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदे, अक्कलकुवा व अक्राणी हे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १६,४८,२९५ असून त्यांपैकी ६९ टक्क्यांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे आहेत आणि केवळ सुमारे १७ टक्के लोक शहरी भागात राहतात. केंद्र शासनाच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात समाविष्ट असलेल्या महाराष्ट्रातील चार जिल्ह्यांपैकी हा एक आहे.

### भूगोल व उशिरा येणारे रुग्ण

अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या डोंगररांगांत वसलेले आहेत. तेथील अनेक पाड्यांपासून तालुक्याच्या ठिकाणी येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडविणे होय. नर्मदाकाठच्या काही गावांपर्यंत बोटीने पोहोचावे लागते. त्यामुळे दातदुखी सुरू झाल्यावर घरगुती उपायांवर काही काळ काढला जातो आणि सूज किंवा असह्य वेदना झाल्यावरच रुग्ण दवाखाना गाठतो. तोपर्यंत दात वाचविण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

रूट कॅनलसारख्या उपचाराला अनेकदा दोन-तीन भेटी लागतात. प्रत्येक भेटीचा प्रवास व बुडणारी मजुरी परवडत नसल्याने रुग्णही दात काढून टाकण्याचाच आग्रह धरतो. जिल्ह्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणी व अन्य मजुरीसाठी हंगामी स्थलांतर करतात. परिणामी सुरू केलेले उपचार अर्धवट राहतात. दात जपण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीला दिवसेंदिवस प्रामुख्याने दात काढण्याचेच काम करावे लागणे, यामुळे शिक्षणातून बाणलेली मूल्ये व प्रत्यक्ष काम यांत अंतर पडते. मॅस्लॅक व मायकेल लायटर यांनी बर्नआउटशी संबंधित सांगितलेल्या कार्यजीवनाच्या सहा क्षेत्रांत कामाचा भार, नियंत्रण, मोबदला, सहकाऱ्यांचा समूह व न्याय्य वागणूक यांबरोबरच मूल्यांचाही समावेश आहे. दुर्गम भागातील दंतवैद्याच्या बाबतीत कामाच्या तासांइतकाच मूल्यांचा हा विसंवादही महत्त्वाचा ठरतो.

### भाषा

जिल्ह्यात मराठीबरोबर भिली, पावरी, मावची, अहिराणी व गुजराती यांसह अनेक भाषा-बोली बोलल्या जातात. बाहेरून आलेल्या दंतवैद्याला वेदनेचे स्वरूप विचारणे, भूल देण्याविषयी समजावणे आणि उपचारासाठी संमती घेणे यांसाठी अनेकदा दुभाष्याची गरज भासते. हे काम बहुधा स्थानिक सहायक, परिचारिका किंवा आशा कार्यकर्ती करते. भीती कमी करण्याचे मुख्य साधन संवाद हेच असल्याने भाषेची अडचण रुग्ण व उपचारक या दोघांचाही ताण वाढविते. स्थानिक बोली जाणणारा सहायक मिळाल्यास हा ताण बराच हलका होतो.

### सिकलसेल आजार व तंबाखूचे सेवन

सातपुडा परिसरातील आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. या रुग्णांमध्ये संसर्ग, शरीरातील पाण्याची कमतरता व शारीरिक ताण यांमुळे तीव्र वेदनेचा झटका येऊ शकतो. त्यामुळे दाताचा साधा संसर्गही गंभीर ठरण्याचा धोका असतो. काही वेळा कीड नसतानाही जबड्यात किंवा दातांत वेदना होतात आणि निरोगी दात काढला जाण्याची शक्यता राहते. अशा रुग्णावर उपचार करताना पूर्वतपासणी, प्रतिजैविकांचा विचार व वैद्यकीय सल्ला यांची गरज असते. एकट्या दवाखान्यात ही जबाबदारी मोठी वाटते.

तंबाखू, मिश्री व सुपारीच्या सेवनामुळे तोंड उघडण्याची क्षमता कमी होणे, तोंडात पांढरे चट्टे पडणे व मुखकर्करोग हे विकार उद्भवतात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असली, तरी तंबाखू व सुपारी यांचे सेवन थांबलेले नाही. मुखकर्करोगाची शंका येणारी पहिली व्यक्ती बहुधा दंतवैद्य असते. ती शंका रुग्णाला सांगणे, त्याला दूरच्या रुग्णालयात जाण्यास राजी करणे आणि तो तेथे गेला की नाही हे न कळणे, हा या भागातील कामाचा एक दमविणारा भाग आहे.

### सार्वजनिक सेवा

सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेत जिल्हा व उपजिल्हा रुग्णालय स्तरावर दंतविभागाची तरतूद असते. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांच्या २०१२ च्या आवृत्तीत सामुदायिक आरोग्य केंद्रासाठीही दंतशल्यचिकित्सकाचे पद दर्शविले आहे. महाराष्ट्रात ग्रामीण रुग्णालये साधारणतः या स्तरावर येतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासावयाच्या आजारांत दातांच्या विकारांचा समावेश असल्याने अंगणवाड्या, शाळा व आश्रमशाळांतील मुलांमधील दंतविकारही नोंदले जातात. तपासणीतून आढळलेल्या मुलांची संख्या आणि त्यांच्यावर उपचार करू शकणाऱ्या दंतवैद्यांची संख्या यांत मेळ नसल्यास हा अतिरिक्त भार उपलब्ध व्यक्तीवरच पडतो. खुर्ची बंद पडणे, वीज जाणे किंवा भुलीच्या औषधाचा साठा संपणे अशा कारणांनी रुग्णाला परत पाठवावे लागते, तेव्हा त्या व्यवस्थेचा चेहरा म्हणून रोषही दंतवैद्यालाच सोसावा लागतो. कंत्राटी पदांवर नेमणुकीच्या अनिश्चिततेची त्यात भर पडते.

जिल्ह्यात २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी मात्र विद्यार्थ्यांना धुळे, नाशिक किंवा त्याहून दूरच्या ठिकाणी जावे लागते. चर्चासत्रे, कार्यशाळा व विशेषज्ञांशी होणाऱ्या भेटीही अशाच शहरांत एकवटलेल्या असल्याने पदवीनंतर व्यावसायिक संपर्क टिकवून ठेवणे हे स्वतंत्र प्रयत्नाचे काम ठरते.

दुर्गम भागातील कामाची दुसरी बाजूही आहे. असह्य वेदनेने आलेल्या रुग्णाला एकाच भेटीत आराम मिळतो व त्याची कृतज्ञता तत्काळ अनुभवता येते. दंतवैद्याची समाजात ओळख असते आणि अनेक पिढ्यांशी संबंध जुळतो. कामाचा अर्थ जाणवणे हा बर्नआउटपासून संरक्षण देणारा घटक मानला जातो. त्यामुळे ग्रामीण सेवा म्हणजे अपरिहार्यपणे दमणूक, असे समीकरण मांडता येत नाही.

## कोविड-१९ महासाथ

दंतोपचारात पाण्याचा फवारा सोडणारा हँडपीस व अल्ट्रासॉनिक स्केलर यांमुळे लाळेचे सूक्ष्म तुषार हवेत पसरतात. त्यामुळे महासाथीच्या काळात हा व्यवसाय अधिक जोखमीचा मानला गेला. देशात २५ मार्च २०२० पासून टाळेबंदी लागू झाल्यावर नियमित दंतोपचार थांबले. मे २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दंतवैद्यांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार प्रतिबंधित क्षेत्रांतील दवाखाने बंद ठेवण्यात आले व अन्यत्र तातडीच्या उपचारांवर भर देण्यात आला. उत्पन्न थांबलेले असताना संरक्षक पोशाखांचा खर्च, कुटुंबाला संसर्ग होण्याची भीती आणि दीर्घकाळ मुखपट्टी व पीपीई किट घालून काम करण्याचा शारीरिक त्रास असा तिहेरी ताण या काळात निर्माण झाला.

## परिणाम

बर्नआउटमुळे व्यक्तीमध्ये निद्रानाश, चिंता, नातेसंबंधांतील तणाव आणि व्यसनाधीनतेचा धोका वाढू शकतो. कामाच्या बाबतीत एकाग्रता कमी होणे, नोंदी अपुऱ्या राहणे, रुग्णाशी होणारा संवाद तुटक होणे व निर्णयात चुका होणे असे परिणाम संभवतात. अनेकजण कामाचे तास कमी करतात, शहरात स्थलांतर करतात किंवा व्यवसायच बदलतात.

दंतवैद्यांमध्ये आत्महत्येचे प्रमाण सर्व व्यवसायांत सर्वाधिक असते, अशी समजूत पाश्चात्त्य देशांत बराच काळ प्रचलित आहे. रॉजर अलेक्झांडर यांनी २००१ मध्ये अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या नियतकालिकात या विषयावरील पुराव्यांचा आढावा घेतला. त्यांना या समजुतीला पुरेसा आधार आढळला नाही. अशा समजुतींचा पुनरुच्चार केल्याने व्यवसायाविषयी गैरसमज वाढतात. मात्र मानसिक त्रासात असलेल्या व्यक्तीला वेळेवर मदत मिळण्याचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही.

## मोजमाप

मॅस्लॅक बर्नआउट इन्व्हेंटरीच्या मानवी सेवांसाठीच्या आवृत्तीत २२ विधाने असून ती विधाने किती वेळा अनुभवास येतात हे उत्तरदात्याने नोंदवायचे असते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी’ वैयक्तिक, कामाशी संबंधित व सेवार्थींशी संबंधित दमणूक स्वतंत्रपणे मोजते. या प्रश्नावल्या प्रामुख्याने संशोधनासाठी असून केवळ त्यांच्या गुणांवरून वैद्यकीय निदान केले जात नाही. निरनिराळ्या अभ्यासांत गुणांच्या वेगवेगळ्या मर्यादा वापरल्या जात असल्याने त्यांतील टक्केवारींची थेट तुलना करताना सावधगिरी बाळगावी लागते.

## प्रतिबंध व उपाय

२००१ मध्ये एव्हान्गेलिया डेमेरूटी, आर्नल्ड बॅकर व सहकाऱ्यांनी मांडलेल्या प्रतिमानानुसार कामाच्या मागण्या वाढत जाऊन त्यांना तोंड देण्याची साधने अपुरी पडली की बर्नआउट उद्भवते. त्यामुळे केवळ व्यक्तीची सहनशक्ती वाढविण्यावर भर देणारे उपाय अपुरे ठरतात. कामाच्या मांडणीतही बदल आवश्यक असतो.

### दवाखान्याच्या पातळीवर

* अवघड उपचारांच्या मध्ये सोपे उपचार ठेवणे, दोन रुग्णांमध्ये थोडा मोकळा वेळ राखणे व तातडीच्या रुग्णांसाठी दिवसातील काही वेळ वेगळा ठेवणे.
* प्रशिक्षित सहायकासह ‘चार हातांच्या’ पद्धतीने काम करणे. यामुळे वेळ वाचतो व शरीरावरील ताण घटतो.
* योग्य उंचीची बैठक, भिंगाचा चष्मा व पुरेसा प्रकाश वापरणे, तसेच कामादरम्यान मान व खांद्यांचे साधे व्यायाम करणे.
* उपचाराचा खर्च, भेटींची संख्या व संभाव्य गुंतागुंत यांची कल्पना रुग्णाला त्याच्या भाषेत आधीच देणे.
* दोन किंवा अधिक दंतवैद्यांनी एकत्र दवाखाना चालविणे, ज्यामुळे खर्च वाटला जातो व रजा घेणे शक्य होते.

### व्यावसायिक व शासकीय पातळीवर

दुर्गम भागातील दंतवैद्यांसाठी समव्यावसायिकांशी नियमित संपर्क हा महत्त्वाचा आधार असतो. दंतवैद्यांच्या संघटनांच्या स्थानिक शाखा, शहरातील विशेषज्ञांशी दूरध्वनी वा दृक्श्राव्य माध्यमातून होणारी चर्चा आणि ठरावीक काळाने होणाऱ्या बदल्या यांमुळे एकाकीपणा कमी होऊ शकतो. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात सार्वजनिक दंतसेवेसाठी मनुष्यबळ, उपकरणे व साहित्य यांच्या साहाय्याची तरतूद आहे. शाळा व आश्रमशाळांतील दंतआरोग्य शिक्षण आणि तंबाखूमुक्तीचे कार्य यांमुळे रुग्ण लवकर येऊ लागल्यास दात वाचविणारे उपचार वाढतात. त्यामुळे रुग्णाच्या दातांबरोबरच उपचारकाच्या समाधानाचेही रक्षण होते.

## कायदा व साहाय्य

भारतातील दंतवैद्यकीय व्यवसायाचे नियमन दंतवैद्य अधिनियम, १९४८ अन्वये स्थापन झालेल्या भारतीय दंत परिषदेकडे सोपविण्यात आले. या व्यवस्थेची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोग कायदा संमत केला.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रत्येक व्यक्तीस शासनाकडून चालविल्या जाणाऱ्या वा अर्थसाहाय्य मिळणाऱ्या सेवांमधून मानसिक आरोग्यसेवा मिळविण्याचा हक्क आहे, तसेच उपचारांबाबत गोपनीयतेचाही हक्क आहे. छोट्या गावात मनोविकारतज्ज्ञाकडे गेल्याची वार्ता रुग्णांपर्यंत पोहोचेल या भीतीने डॉक्टर स्वतः उपचार टाळतात, तेव्हा गोपनीयतेची ही तरतूद विशेष महत्त्वाची ठरते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमांतर्गत जिल्हा पातळीवर समुपदेशन व उपचार उपलब्ध करून दिले जातात. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’ या राष्ट्रीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य दूरध्वनी समुपदेशन मिळते; प्रत्यक्ष दवाखान्यात न जाता मदत घेता येत असल्याने दुर्गम भागातील आरोग्यकर्मींनाही तिचा उपयोग होतो.